नागपंचमीची कात्री

मादीने अंडी घातली तरी माझा विश्वास बसेना. बॉल पायथनची ही जोडी मी हिवाळाभर एकत्र ठेवली होती, पण पाहावं तेव्हा दोघं दोन कोपऱ्यांत तोंड फिरवून बसलेली. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या जोडप्यांसारखी. मी नाद सोडून दिला होता. मग उन्हाळ्यात एका सकाळी पेटी उघडली तर मादी घट्ट वेटोळं घालून बसलेली आणि वेटोळ्याच्या फटीतून काहीतरी पांढरं दिसत होतं. मी नेहमीसारखा हात घातला. घाबरली की डोकं पोटाशी घेऊन चेंडू होणारी ही बाई फुत्कारत माझ्या अंगावर आली. चावली नाही, पण मी मागच्या खुर्चीवर आपटले. माझ्या मनगटावर झोपणारा प्राणी हा! मला धक्का बसला आणि खरं सांगायचं तर अपमानही वाटला.

हे आपल्याकडचे अजगर नव्हेत. आफ्रिकेतली, बिनविषारी, जेमतेम तीन हात लांब आणि अतिशय आळशी अशी ही जात. वनखात्याकडे माझ्या जोडीची रीतसर नोंद आहे. तो कागद मी आईला दाखवला होता. "सरकारला चालतं म्हणून मला चालेल असं नाही," म्हणाली.

आईने आयुष्यभर शाळेत शिवण शिकवलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पेठेतले जिने चढवेनात, म्हणून ती माझ्याकडे वाघोलीला राहायला आली. येतानाच तिने अट घातली होती, सापांच्या खोलीचं दार बंद राहील आणि ती त्या खोलीचा उंबरा कधीही ओलांडणार नाही. सापांचा उल्लेख ती "तुझं ते" असा करायची.

पाच अंड्यांपैकी दोन पिवळी पडून फुकट गेली. उरलेली तीन मी थर्माकोलच्या पेटीत उबेला ठेवली. प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारली, कारण कोंबडीचं अंडं फिरवावं लागतं, पण हे फिरवलं तर आतलं पिल्लू मरतं. ज्या गृहस्थांकडून जोडी आणली त्यांनी एक गोष्ट पुनःपुन्हा बजावली होती. एका पिल्लाने डोकं बाहेर काढलं की बाकीचीही मागोमाग काढतात. पण एखादं मागे राहिलं आणि अंडं खचायला लागलं, तर वाट बघू नका, कवचाच्या शिरा चुकवून वरून अलगद कापा. नाहीतर पुरतं वाढलेलं पिल्लू आतच गुदमरतं. त्यासाठी मी एक बारीक, टोकाला वाकडी कात्री आणली होती.

सगळं केलं. तापमान बघितलं, ओलावा बघितला. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं बघितलं नाही.

पहिल्या पिल्लाने ओठावरच्या इवल्याशा दाताने कवच फाडून डोकं बाहेर काढलं, तेव्हा मी तोंडावर हात ठेवून किंचाळले. एवढंसं डोकं, त्याला दोन चकचकीत डोळे, आणि ते माझ्याकडे बघत होतं! थोड्या वेळाने दुसरंही निघालं. तिसरं गप्प. मी कात्री उकळून ओट्यावर फडक्यावर वाळत ठेवली आणि ठरवलं, सकाळपर्यंत बघू.

सकाळी तिसरं अंडं एका बाजूने चांगलंच खचलेलं होतं. टॉर्च लावून पाहिलं तर काल सळसळणारी सावली आज जेमतेम हलत होती. मी स्वयंपाकघरात धावले. ओट्यावर कात्री नव्हती. आई पाटावर गंधाने नाग काढत होती. शेजारी दूध, लाह्या, आघाडा, दूर्वा. लाह्या मुद्दाम मंडईतून मागवलेल्या, वाघोलीच्या लाह्यांना म्हणे चव नसते.

"आई, माझी कात्री?"

"कपाटात."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे नागपंचमीला काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही. आई आदल्या संध्याकाळीच विळी, सुऱ्या, किसणी, कात्र्या, अगदी नेलकटरसुद्धा जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधते, कपाटात ठेवते आणि किल्ली कमरेला खोचते. माझी कात्री त्याच गाठोड्यात गेली होती.

"किल्ली दे. पिल्लू मरतंय."

"आज कापायचं नाही."

"तूच म्हणाली होतीस ना, हे काही नाग नव्हेत, पूजेत बसत नाहीत?"

"नसतील. कात्री तर कात्रीच आहे."

माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. जिने शेकडो मुलींना हिशोबाने कापड बेतायला शिकवलं, ती एका पाटावरच्या चित्रासाठी जिवंत पिल्लू मरू देणार होती! "चित्रातल्याला दूध आणि खऱ्याला मरण," मी ओरडले. "ठेव तुझी किल्ली, मी शेजारून कात्री आणते."

"आण की. पण माझ्या घरात आज—"

"घर माझं आहे."

बोलून गेले आणि मीच हबकले. आईने मान वर केली नाही. गंधाचं बोट पुसलं, हात जोडले आणि दरवर्षी सांगते ती कहाणी सांगायला लागली, समोर ऐकायला कुणी नसताना. शेतकरी होता, त्याच्या शेतात नागिणीचं वारूळ होतं. मी दारात चप्पल शोधत होते. एक पाय चपलेत, दुसरी सापडत नव्हती. शेतकरी नांगरायला गेला, नांगराचा फाळ वारुळात घुसला आणि नागिणीची पिल्लं...

आई थांबली.

मग कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर आई सापांच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी, हातात माझी वाकडी कात्री. मी घ्यायला हात पुढे केला.

"तुझा हात बघ आधी," ती म्हणाली. "कसला थरथरतोय. ह्या हाताने फाडशील त्याला."

आणि तिने उंबरा ओलांडला.

मी नुसती बघत राहिले. नर तिच्या डाव्या हाताला, मादी उजव्या हाताला, मध्ये फक्त काच. तिने दोघांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खुर्ची ओढून पेटीसमोर बसली, चष्मा सारखा केला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "दिवा धर. शिरा कुठे आहेत त्या दाखव."

मी टॉर्च धरला. तिने बोटाच्या टोकाने कवच चाचपलं. ते कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, मऊ चामड्यासारखं असतं. "म्हणजे काज करायचं," ती पुटपुटली. शिरा चुकवून तिने कात्रीचं टोक टेकवलं आणि बटणाच्या काजाएवढी चीर दिली. एकच. पांढरट पाणी आलं. आत वेटोळं होतं, निपचित.

"गेलं," मी म्हणाले. मला रडू फुटलं.

"घाई कसली तुला?" आई म्हणाली. तिचाही आवाज बारीक झाला होता. दोघी वाकून बघत बसलो. मग चिरेतून एक ओलं नाक वर आलं आणि त्याखालून दोऱ्याएवढी जीभ बाहेर येऊन आत गेली.

आईने श्वास सोडला. तिच्या कपाळावर घाम होता. म्हणजे ती घाबरलेली होती, सगळा वेळ घाबरलेलीच होती.

"आई, पण तू तर आज..."

"शेतकऱ्याकडे फाळ होता. त्याला कुणी सांगितलं नाही, आत काय आहे ते," ती उठता उठता म्हणाली. "मला दिसत होतं. आणि त्याला दूध पाजायला जाऊ नकोस, पीत नाहीत ते."

मी उडालेच. "तुला माहीत होतं?"

"शाळेत होते मी. जंगलात नव्हते."

तिने नळाखाली कात्री धुतली, कोरडी केली आणि परत गाठोड्यात घालून गाठ मारली. कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

"चप्पल काढ ती एका पायातली," ती म्हणाली. "कहाणी अर्धी राहिलीय. आणि आता माझ्या घरात उद्यापर्यंत काही कापायचं नाही."

"तुझ्याच घरात," मी म्हणाले आणि हात जोडून तिच्या शेजारी बसले.