कमी उताराच्या छताखाली

आक्काची नि माझी शेवटची भेट झाली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या छतावर झाडू मारत होती आणि मी खाली शिडी धरून उभा होतो. सत्तरीला टेकलेली बाई, कमरेला पदर खोचून वर चढलेली. "पाइपाच्या तोंडाशी पानं साठली की पानी थांबतंय," ती वरूनच ओरडली, "आणि थांबलेलं पानी गप बसत न्हाय बघ!" मग खाली उतरली, चहा पाजला, जाताना माझ्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा कोंबल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी पहाटे दाजींचा फोन आला. "बाळू... आक्का उठंना झालीया रं." एवढंच बोलले. ती झोपेतच गेली होती. कुणाला उठवलं नाही, कुणाला धावपळ करायला लावली नाही... आयुष्यात पहिल्यांदाच.

आक्का माझी थोरली बहीण. गडमुडशिंगीत शिवणक्लास चालवायची. गावातल्या निम्म्या लेकीसुना तिच्या हाताखाली ब्लाऊज बेतायला शिकल्या आणि बेतताना चुकल्या म्हणून तिच्या शिव्याही खाल्ल्या. घर साधं. पुढच्या बाजूला चांगल्या उताराचं कौलारू छप्पर आणि मागे नंतर वाढवलेलं स्वयंपाकघर, त्यावर सिमेंटचे पत्रे. त्या पत्र्यांना उतार असा नावालाच. पावसाळ्यात जेवायला बसलं की आमटीत वरून भर पडायची. दाजी ताट घेऊन कोपरे बदलत जेवायचे आणि म्हणायचे, "आज इकडं कोरडं हाय, या."

शेवटी एका उन्हाळ्यात मिस्त्रीला बोलावलं. त्यानं वर बघून लगेच निकाल दिला. "भिंत वर उचला, झकास उतार काढा, मंगलोरी कौलं टाका. विषय संपला!" दाजींनी मान डोलावली. आक्का मात्र पत्र्याच्या थोडं वर असलेल्या शेजारच्या खिडकीकडे बघत राहिली. ती तारामावशींच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी.

"आणि ती खिडकी?"

"ती जाईल की भिंतीआड," मिस्त्री म्हणाला.

आता इथं सांगायला हवं की तारामावशींशी आक्काचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्यांच्या कोंबड्यांनी आक्काच्या वाळत घातलेल्या कुरडया फस्त केल्या, तेव्हापासून अबोला. तोही कसा, तर मावशी आपल्या कोंबड्यांशी बोलल्यासारखं आक्काला टोमणे मारायच्या आणि आक्का शिलाई मशीनला उद्देशून उत्तर द्यायची! त्यामुळे दाजी वैतागले. "भिंत आपली, जागा आपली. त्या बाईचं तोंड तरी बघतीस काय तू?"

आक्का म्हणाली, "भांडण तिच्याशी हाय. तिच्या उजेडाशी न्हाय."

मिस्त्री चहा पिऊन गेला. मग आक्काचा नवा उद्योग सुरू झाला. उतार न वाढवता छतावर काय घालता येईल, याचा तिनं ध्यासच घेतला. मी तेव्हा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात होतो. एक दिवस ही बसनं थेट गेटवर हजर. वॉचमननं विचारलं, "कुणाला भेटायचंय?" तर म्हणते, "कुणाला न्हाय पावणं, छप्पर बघायचंय." मी धावत बाहेर आलो तेव्हा ती त्याच्याच खुर्चीत बसून, मान वर करून शेड न्याहाळत होती आणि वॉचमन तिला आपल्या गावाकडच्या गळक्या घराची कहाणी सांगत होता.

तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा नवरा संदीप हा इंजिनिअर. त्यानं तिला नीट समजावलं. कौलं पाणी अडवत नाहीत, पळवतात. उतार कमी पडला की पाणी रेंगाळतं आणि वाऱ्याबरोबर उलटं वर चढून कौलाखाली शिरतं. पत्र्यांचं तेच, फक्त तिथं वाट मिळते ती जोडातून नि खिळ्यांच्या भोकांतून. सपाट छताला असं काही हवं, ज्यात फटच नसेल.

"म्हंजे उतरत्या छताला झालरी चालत्यात, सपाटाला अख्खं कापड पायजे," आक्का म्हणाली.

"अगदी बरोबर. जोड असतात, काकू, पण ते तापवून एकजीव करायचे."

"आणि कडा?"

"कडा भिंतीवर चढवून दुमडायच्या."

"ते मला सांगू नको," आक्का म्हणाली. "काठ दुमडण्यात जन्म गेलाय माझा."

भिंती तपासून संदीपनं बारीक उताराचा स्लॅब घालायला सांगितला, वर डांबरी मेंब्रेन, म्हणजे पाणी न झिरपणारी जाड चादर, आणि त्यावर पांढऱ्या फरश्यांचे तुकडे. सगळं खिडकीच्या खालीच बसत होतं. गॅसच्या बत्तीनं मेंब्रेन तापवून चिकटवत होते तेव्हा आक्का प्रत्येक जोडावर वाकून बघायची. कामगार तिला थट्टेनं 'साहेब' म्हणायला लागले, आणि तीही त्या हाकेला ओ द्यायला लागली.

फरश्या बसवण्याआधी परीक्षा. पाइपाच्या तोंडाला बोळा लावून छतावर पाणी कोंडायचं आणि खाली ओल येते का बघायचं. आक्कानं त्यासाठी मुद्दाम रविवार निवडला, मटण आणलं, मला नि संदीपला बोलावलं आणि भरल्या तळ्याखाली पंगत मांडली. दाजी दाराजवळ बसले, पळायला सोपं म्हणून. पहिला घास तोंडात जातोय तोच वरच्या खिडकीतून आरोळी आली,

"अवं आक्का! पानी तुंबलंय की वर! घर बुडंल, बोळा काढा!"

कोंबड्या नाहीत, मशीन नाही. थेट आक्का! आक्कानं हात तसाच वाटीत ठेवून ओरडून सांगितलं, "तुंबलं न्हाय मावशी, तुंबवलंय! या की खाली बघायला!"

मावशी आल्या. छताकडे बघितलं, कोरडं. मग आपल्या खिडकीच्या दिशेनं बघितलं आणि पदर डोळ्याला लावला. मिस्त्रीचं ते बोलणं त्यांनी तेव्हाच ऐकलं होतं म्हणे, नि तेव्हापासून रोज भिंत कधी उठते याची वाट बघत होत्या... आक्कानं त्यांच्यापुढे ताट सरकवलं. दोन भाकरी झाल्यावर मावशी म्हणाल्या, "कुरडया चांगल्या झालत्या म्हणून खाल्ल्या कोंबड्यांनी. माझ्या कधी शिवत न्हाईत." आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला.

पुढे गावात कुणाचं छप्पर गळलं की माणसं आक्काकडे यायला लागली. ती आधी जेवायला घालायची, मग छप्पर बघायला जायची.

परवा मी गेलो होतो. दाजी नि तारामावशी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले होते. तेवढ्यात खालच्या आळीतली एक नवी सून दारात आली. "आक्का हाईत काय? आमच्या पडवीला उतार कमी हाय, काय घालावं इचारायचं हुतं." दाजींनी मान खाली घातली.

"आक्का न्हाय, बाळा," मावशी म्हणाल्या. "पर तू बस. मी सांगते."

आणि त्यांनी आपला पदर मांडीवर पसरला, त्याचा काठ दुमडला, आणि पाणी कुठून शिरतं ते त्या पोरीला बोटानं दाखवायला लागल्या. निम्मं बरोबर सांगत होत्या, निम्मं स्वतःचंच. दाजी थोडा वेळ ऐकत राहिले. मग उठले आणि म्हणाले, "आधी जेवून घे, पोरी," आणि ताट वाढायला गेले.