वाशिंदचं पक्कं घर

आमच्या वैशाखरे गावाहून सामानाचा टेम्पो हलला तेव्हा बाबा ओट्यावरूनच म्हणाले, "पक्क्या घरात चाल्लास, बरा झाला." मी मागे वळून पाहिलंही नाही. दरवर्षी हातांनी लिंपावं लागणाऱ्या त्या भिंतींची मला लाज वाटायची. वाशिंदला टाइल्स होत्या, लिफ्ट होती, आणि स्टेशन चालत दहा मिनिटांवर.

तिसऱ्या वर्षी, भर दुपारी, स्वयंपाकघरातल्या स्लॅबचा ढपला गॅसवर कोसळला. बेल वाजली म्हणून सुनीता, माझी बायको, नुकतीच दाराकडे गेली होती. वर गंजलेल्या सळ्या दिसत होत्या.

बिल्डरचा माणूस आला. उंबऱ्यातूनच वर पाहून म्हणाला, "इकडची हवाच दमट, सर. कलर मारून घ्या." बूट मळतील म्हणून तो आत आला नाही. सोसायटीची मीटिंग तर त्याच्याहून भारी. सगळ्यांच्याच छताला ओल होती, पण चेअरमन म्हणाले, "बाहेर बोलू नका, फ्लॅटचा रेट पडेल." माना डोलल्या. डोक्यावर छत पडलं तरी चालेल, रेट पडता कामा नये! असल्या माणसांत शोभून दिसावं म्हणून मी तीन वर्षं इस्त्रीच्या शर्टात कचरा टाकायला जात होतो.

सुनीताने पोस्टात अडीअडचणीसाठी पैसे साठवले होते. आजारपण आलं, कंपनी बंद पडली, तर म्हणून. ते सगळे काढले. सापगावच्या गवंड्याने छत ठोकून पाहिलं. अर्धं पोकळ निघालं.

काम चालू असताना बाबा आले. खाली पडलेला माल त्यांनी बोटांत चुरडला. "माती हाय रे ही. रेती धुतलीच नाय त्यांनी." आता टोमणा येणार म्हणून मी मान खाली घातली. ते सुनीताकडे वळले. "तू हितंच उभी व्हतीस गो?" "बेल वाजेपर्यंत," ती म्हणाली. बाबा घमेलं उचलून फोडलेल्या छताचं राबिट खाली नेऊ लागले.

गावातल्यांनो, इकडे या, जरूर या. पण घर बघताना चावी देणाऱ्याच्या गोड हसण्यावर जाऊ नका. छताला हात लावा. पीठ हाती आलं तर तिथूनच परत फिरा. मला आता फिरता येत नाही. अडीअडचणीला म्हणून जे होतं ते सगळं मी याच छतात घातलंय, म्हणून हे माझं घर.