आलं का वं पाणी?

मी तारा सिस्टर. धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी नाइट ड्युटीत. लग्न केलं नाही. का नाही केलं ते विचारू नका, विचारणाऱ्याला मी दारात उभं करत नाही. रिटायर झाले तेव्हा शाल, नारळ अन् भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ मी दुसऱ्याच दिवशी भाचीला देऊन टाकलं. मला आता एकच गोष्ट पाहिजे होती, सकाळी सात वाजेपर्यंत झोप. 'सिस्टर, ओ सिस्टर' ऐकू आलं की चप्पल शोधत धावण्यात जन्म गेला. आता देव जरी दारात येऊन हाका मारत बसला तरी उठायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

अन् मग आमच्या मानेवाड्याच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर रुपराव कळंबे राहायला आले.

नरखेड तालुक्यातला माणूस. वय चौऱ्याहत्तर. तीन एकर संत्र्याचा बगीचा. बायको, रुखमाबाई, मागच्या वर्षी वारली. पोरगा सुशील बंगलोरला कम्प्युटरमध्ये. त्यानं बगीचा मक्त्यानं दिला अन् बापाला उचलून इथं, आपल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं. डबा लावून दिला, टीव्ही लावून दिला, मोबाइल घेऊन दिला. झालं, पोराचं कर्तव्य संपलं. म्हातारा दिवसभर बंडी-पायजम्यात ओट्यावर बसायचा अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कुठं चालले गा?' विचारायचा. गावात या प्रश्नाला माणूस थांबून उत्तर देतो. इथं पोरांच्या कानात मोबाइलची बोंडं खुपसलेली, कोणाला ऐकू जाते?

आमचे सेक्रेटरी मार्तंडराव मोठे हुशार. बिल्डिंगची मोटर रुपरावांच्या दाराशेजारी आहे. खालच्या टाकीतलं पाणी ती गच्चीवरच्या टाकीत चढवते. मार्तंडराव म्हणाले, "काकाजी, तुम्ही घरीच असता, मोटर तुम्ही सांभाळा." आयती डोकेदुखी दुसऱ्याच्या गळ्यात घातली. ती फिरून माझ्याच गळ्यात येणार हे तेव्हा कोणाला माहीत!

तिसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली, माझं घर. पावणेपाचला, बाहेर काळोख असताना, खालून मोटर घुरघुरायला लागायची. तेही मी पोटात घातलं असतं. पण पंधरा-वीस मिनिटांनी खालून आरोळी यायची, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशी.

"आलं का वं पाणीऽऽऽ?"

मग थोडं थांबून पुन्हा. मग पुन्हा. तोवर टाकी भरून वाहायला लागायची अन् पाणी माझ्या गॅलरीच्या पत्र्यावर धो धो पडायचं. मी केस मोकळे, चष्मा नाही, तशीच गॅलरीत जाऊन ओरडायची, "ओ काकाजी! बंद करा ते मोटर! मेल्याले उठवता का?"

"हो जी, हो जी. केली बंद."

मोटर लगेच बंद. म्हातारा शहाण्यासारखा आत जायचा. अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! मला सगळ्यात जास्त राग याचा यायचा, की मी एवढ्या शिव्या घातल्यावरही त्याचा चेहरा पडायचा नाही. उलट काम पार पडल्यासारखा निवांत दिसायचा.

एक दिवस मी पदर खोचून खाली गेले. रागावले की माझ्या तोंडून गावची भाषा निघते. म्हटलं, "काकाजी, काहून पाचच्या आत मोटर चालू करता?"

"लाईन हाय तवर भरून घ्यावं, बाई."

"इथं चोवीस तास लाईन राह्यते!"

"राह्यते जी. पन गेली तं?"

बगीच्यातल्या मोटरीला वीज पाळीपाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी पहाटे. लाईन आली की अंथरुणातून उठून विहिरीवर जायचं, असं त्याचं आयुष्य गेलेलं. मला ते कळत होतं. पण झोप माझी जात होती ना! मी म्हटलं, "अन् दुसरी गोष्ट. मले 'वं' म्हणाचं नाही. मी काय तुमची बायको आहे का?"

म्हातारा कानापर्यंत लाल झाला. मान खाली घालून म्हणाला, "तुमाले नाही म्हणत जी."

"मग कोणाले म्हणता?"

तो मोटरीच्या डब्याचं झाकण पुसत बसला.

महिनाभर मी सहन केलं, हेच पुष्कळ. मग एका पहाटे डोकंच फिरलं. मार्तंडरावांकडून सुशीलचा नंबर आणून ठेवलेलाच होता. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन लावला. तो घाबरून उठला, "कोण? बाबांना काय झालं?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांना काही झालं नाही, त्यांनी मला उठवलं म्हणून मी तुला उठवून राहिली. रोज उठवीन." अन् फोन ठेवून दिला.

पुढच्या रविवारी पोरगा विमानानं हजर. मिस्त्री आणून त्यानं मोटरीला ऑटोमॅटिक डबा बसवला. टाकी रिकामी झाली की मोटर आपोआप चालू, भरली की आपोआप बंद. कोणी उठायचं काम नाही, कोणी ओरडायचं काम नाही. संध्याकाळी तो माझ्याकडे माफी मागायला आला. मी चहा दिला. पोरगं वाईट नव्हतं, नुसतं दूर होतं.

तो म्हणाला, "मावशी, आमची विहीर उताराला आहे. बगीचा वर चढत जातो. विहिरीवरून पाइपाचं तोंड दिसत नाही. बाबा खाली मोटर चालू करायचे अन् आई वर जाऊन उभी राहायची. बाबा हाक मारायचे, आलं का वं पाणी? आई म्हणायची, आलंऽऽ. तोवर बाबा मोटरीपासून हलायचे नाहीत. कोरडी चालली तर मोटर जळते ना. चाळीस वर्षं असंच."

"मग?"

"मग काही नाही. बाबा विहिरीवरच तीन दगडांवर चहा मांडायचे. आईनं झाडांकडं जाणाऱ्या दांडाला पाणी लावलं की दुसरी हाक द्यायचे, ये वं, चहा झाला." तो थोडा हसला. "दुपारी मला म्हणत होते, ऑटोमॅटिक काहून बसवते? वरच्या सिस्टरबाई रोज सांगतात ना, पाणी पोचलं म्हणून."

मी सांगत होते? मी तर शिव्या घालत होते. त्या माणसानं माझ्या शिव्यांनाच उत्तर मानलं होतं! मला लाज वाटली अन् लाजेचाही राग आला. सुशील रात्रीच्या विमानानं गेला.

सोमवारी पावणेपाचला माझे डोळे आपोआप उघडले. मोटर चालू झाली, बंद झाली. पत्र्यावर एक थेंब नाही. आता झोप म्हणावं ना, महिनाभर याच्यासाठीच भांडलीस! झोप आली नाही. गॅलरीत जाऊन पाहिलं तर रुपराव खाली मोटरीच्या डब्याजवळ उभे. वर टाकीकडे पाहत होते. तोंड उघडलं अन् तसंच मिटलं. मंगळवारीही तेच. बुधवारी ते बाहेरच आले नाहीत.

शुक्रवारी डबेवाल्या यमुताई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "सिस्टर, खालच्या काकाजीचा डबा दोन दिवसांपासून भरला तसाच वापस येऊन राहिला."

माणूस चिडचिड करतो, रडतो, सलाइन उपटून टाकतो, त्याची मला कधी भीती वाटली नाही. जो चुपचाप जेवण सोडतो त्याची वाटते. असे कितीतरी पाहिले. तशीच बीपीची मशीन घेऊन खाली गेले. बीपी बरं, ताप नाही, नाडी बरी. घरात सगळं जागच्या जागी, कोणी राहतच नाही असं.

"काय होऊन राह्यलं, काकाजी?"

"काई नाही जी. काम नाही राह्यलं."

मी त्यांना अर्धी पोळी दुधात कुस्करून समोर बसून खायला लावली. पण रोज कोणी समोर बसायचं? अन् मी त्यांची कोण?

शनिवारी साडेचारलाच उठले. स्वेटर चढवला, खाली जाऊन त्यांचं दार ठोकलं. जागेच होते. मी मोटरीचा डबा उघडला, ऑटोमॅटिकचं बटण फिरवून बंद केलं.

"उठा. चालू करा मोटर. मी वर टाकीजवळ जाऊन राह्यली. भरली का नाही ते तिथून सांगीन. पण हाक मारल्याबिगर सांगणार नाही, समजलं?"

मी थांबले नाही. तीन मजले अन् वर गच्चीचा जिना, गुडघ्यांनी नको म्हटलं. टाकीचं झाकण सरकवून अंधारात उभी राहिले. खाली मोटर चालू झाली. पाइप थरथरला, गुळगुळ झाली, अन् पाणी टाकीत पडायला लागलं.

हाक येईना. पाणी हातभर चढलं. मी मनात म्हटलं, मार ना बाबा हाक. रिटायर झाल्यापासून मलाही कोणी हाक मारली नाही. डाक आणणारा बेल दाबतो, दूधवाला पिशवी अडकवतो. उठायचं नाही असं ठरवलं होतं खरं, पण मला उठवायला होतं कोण?

मग खालून आली. आधी घोगरी, अडखळत. मग सुटी, मोठी.

"आलं का वं पाणीऽऽऽ?"

वं म्हणू नका असं मीच बजावलं होतं. मी कठड्याशी गेले, छाती भरून श्वास घेतला अन् ओरडले, "आलंऽऽऽ!"

मोटर बंद झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रेमानंदची खिडकी खाडकन उघडली. "कोण बोंबलून राह्यलं गा सकाळी सकाळी?"

"मी! तारा! काय करशील?"

खिडकी लागली. कुठंतरी एक कोंबडा आरवला. मी झाकण लावलं अन् खाली जायचं सोडून तिथंच उभी राहिले. का, ते मला लगेच कळलं. मी दुसऱ्या, चहाच्या हाकेसाठी थांबले होते. येडपट बाई! या वयात!

खाली रुपरावांचं दार लागल्याचा आवाज आला. ती हाक रुखमाबाईची होती, अन् तिच्यासोबतच गेली होती. त्यात त्यांची काय चूक? माझ्या घरी पत्ती होती, साखर होती, दूध होतं. तरी मी चांगलं फटफटेपर्यंत टाकीला हात लावून उभी होते.

मग खाली आले अन् एक कप चहा मांडला.