दाजींनी कुणाला मरू दिलं नाही

माझी सुपारी फुटायच्या आदल्या संध्याकाळी मी होणाऱ्या सासऱ्यांना सिनेमाला नेलं, आणि त्या सिनेमात प्रेम करणारी दोघंही शेवटी मरतात हे मला ठाऊक नव्हतं. जुन्या काळच्या दंतकथेवरचं चित्र आहे, सरदाराची मुलगी आहे, धनगराचा पोरगा आहे, घोडे आहेत, एवढं ऐकून मी हुरळलो. शेवट विचारायची अक्कल तेव्हा नव्हती. नंतर आली असं घरातलं कुणी म्हणत नाही.

त्या दिवशी मला वाचवलं ते आमच्या आक्काच्या यजमानांनी. दाजींसारखा अहिंसक माणूस निपाणीच्या पंचक्रोशीत झाला नाही. आम्ही जैन, तेव्हा मुंगी वाचवणारे घरोघर होते; पण दाजी गोष्टीतलीसुद्धा माणसं वाचवीत. बुद्धिबळात समोरच्याचा हत्ती घेतला की म्हणत, "हत्ती जरा गावाला गेला." पोरांना गोष्ट सांगताना सिंहाला भाकरी खायला लावत. एकदा एका पोरानं "सिंव्ह भाकरी खातोय व्हय?" असं विचारलं, तर म्हणाले, "आक्काच्या हातची असली तर खातोय रं." तंबाखूच्या वखारीत दिवसभर घसा खरवडून भाव करणारा हा माणूस दिवस मावळायच्या आत जेवून तडक सिनेमाच्या तंबूत जाई. सिनेमा तेव्हा मुका होता. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणाऱ्याचा घसा एकदा बसला, तेव्हा दाजींनी त्याची काठी हातात घेतली ती परत दिलीच नाही. मराठीत सांगत, लगेच कानडीत सांगत, आणि फुकट सांगत, त्यामुळं तंबूचा मालकही गप्प.

माझे होणारे सासरे चिकोडीकडचे. अपशकुनाला इतके भिणारे, की तेलाचं भांडं कलंडलं म्हणून त्यांनी मुलीचं आधीचं एक स्थळ मोडलं होतं. त्यांना फक्त कानडी वाचता येई; पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मराठीत. मुलगी आईबरोबर मधल्या कनातीपलीकडं, बायकांच्या बाजूला. चित्र रंगात आलं, आणि अचानक सरदारकन्येनं विषाचा पेला तोंडाला लावला. पाठोपाठ धनगराच्या पोरानं. दोघं आडवी झाली. सासऱ्यांचा हात पागोट्याकडं गेला. "शुभकार्याच्या तोंडावर हे काय दाखवाय लागलाय?" असं म्हणत ते उठायलाच लागले.

तेवढ्यात दाजींची काठी पडद्यावर आपटली. "सरबत पिऊन दोघं निजल्यात! उन्हातनं आलीत, दमल्यात बिचारी!" मग तेच कानडीत. सासरे अर्धवट उठलेले तसेच थांबले. पडद्यावर म्हातारा सरदार धावत आला आणि छाती बडवून रडू लागला. "बाप आला बघा! लगीन कबूल हाय म्हनतोय. आनंदानं रडाय लागलाय!" पेटीवाल्यानं रडका सूर सोडून लग्नातलं वाजवायला घेतलं. पण पुढं दोघांना फुलांनी झाकून खड्ड्याजवळ नेलं, तेव्हा मागनं एकजण ओरडलाच, "दाजी, मग त्यांस्नी खड्ड्यात का घालाय लागलेत?"

दाजींनी घाम पुसला. "खड्डा न्हवं रं येड्या! पोरांस्नी नवं घर बांधून द्याय लागलेत. पाया खणलाय!"

सासरे खाली बसले. बाहेर पडताना डोळे पुसून म्हणाले, "बाप शाणा निघाला." दुसऱ्या दिवशी सुपारी फुटली.

पुढं बोलपट आले. दाजी एकदाच गेले आणि मध्येच उठून आले. "आता त्येंचं तेच बोलत्यात. मरतो म्हनत्यात आन् मरत्यात. आपलं कोण ऐकतंय?" त्यानंतर संध्याकाळी ते ओट्यावर नुसते बसून असत. तंबूवरनं गाण्याचा आवाज आला की मान तिकडं वळे, पण उठत नसत. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. 'दाजी वारले' असं आमच्या घरात अजून कुणी म्हणत नाही. 'गावाला गेले' म्हणतात.

परवा मी बायकोपुढं फुशारकी मारत होतो, की दाजींनी तुम्हा सगळ्यांना कसं फसवलं. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी मराठी शाळेत शिकल्याली. पाटी वाचलीती मी, दोघं मेल्यालं कळलंतं. पर ज्या घरचा जावई असला मानूस हाय, तितं नांदाय जावं असं वाटलं. तुमच्याकडं बघायचं तेवढं राहून गेलं."