एक ठोका म्हणजे थांबा

ट्रक मागं घेताना नुसत्या आरशावर भरवसा ठेवणारा ड्रायव्हर मी नाही. मागं माणूस लागतो, आणि तो गाडीच्या मागच्या फाळक्यावर हात मारून सांगतो. दोन ठोके म्हणजे येऊ द्या, एक ठोका म्हणजे थांबा. ही भाषा सगळ्या ड्रायव्हर लोकांची आहे, मी काही शोधून काढली नाही. पण आमच्या घरात ती जेवढी चालते तेवढी दुसरीकडे कुठंच चालत नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो.

सुरुवात बायकोनं केली. लग्न होऊन ती यवतमाळकडून जबलपूरला आली तेव्हा आम्ही गोहलपुरात एका वर्कशॉपच्या मागं राहत होतो. गल्ली इतकी अरुंद की ट्रक आत घ्यायला लागलो की सगळे दुकानदार बाहेर येऊन सल्ले देत. "भैया, लेफ्ट काटो." "अरे नहीं, राइट." माझं डोकं फिरायचं. एक दिवस ही पदर खोचून मागं उभी राहिली आणि तिनं फाळक्यावर दोन ठोके दिले. सल्ले देणारे बाजूला सरले. मी गाडी मागं घेत गेलो, तिनं एक ठोका दिला, मी थांबलो. उतरून पाहिलं तर भिंत आणि फाळका यांच्यामध्ये तिचा हात कसाबसा मावेल एवढीच जागा होती. "घाबरले काय?" म्हणे. मी कशाला घाबरतो? पण त्या दिवसापासून गल्लीत गाडी लावायची तर मागं हीच पाहिजे, असा माझा कायदा झाला.

मग ते ठोके घरात शिरले. न्हाणीच्या दारावर एक ठोका म्हणजे पाणी बंद करा, दुसऱ्यांनाही आंघोळ करायची आहे. माझे ताटाच्या काठावर दोन ठोके म्हणजे पोळी येऊ दे. पुढं कांचघरला राहायला गेलो, पोरगी मोठी झाली, तरी हे चालूच राहिलं.

बायकोचाही एक कायदा होता. मी रोडवर असलो की दुपारी तिचा फोन यायचा, पण गाडी चालू असताना ती बोलत नसे. "थांबलात काय? हँडब्रेक लावला काय?" हे विचारल्याशिवाय पुढचा शब्द नाही. आणि एकदा सुरू झाली की बोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. जेवलात का, भाजी कशाची होती, दही काहून नाही घेतलं. मी वैतागायचो. "अवं, माल पोचवायचा आहे, मी काय लग्नाला जाऊन राहिलो?" तिच्यावर काही परिणाम होत नसे.

मागच्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण आवाज गेला. नुसती हवा यायची तोंडातून. डॉक्टर म्हणाले, परत येईल असं वाटतं, पण खात्री देता येत नाही. हे त्यांनी आधीही सांगितलं होतं, तरी मी दवाखान्यात तोंड सोडलंच. शेवटी पोरीनं दंडाला धरून मला बाहेर नेलं.

मी घरीच बसलो. टाके दुखू नयेत म्हणून सराफ्यातून तिचं मंगळसूत्र लांब करून आणलं, वरण-भात शिकलो, आणि दिवसभर तिच्या तोंडाकडं पाहत बसलो. तिला ते सहन होईना. एक दिवस तिनं माझ्या गाडीची चावी आणून टेबलावर ठेवली आणि टेबलावर दोन ठोके दिले. मी नाही म्हणालो. तिनं परत दोन दिले, जोरात. बोलू न शकणाऱ्या बाईशी मी भांडलो आणि हरलोसुद्धा. निघालो नागपूरला.

दुपारी पोरीचा फोन यायचा. तिला मराठी सगळी समजते, पण बोलते हिंदी. "पापा, सब ठीक है." मी म्हणायचो, ते तू नको सांगू, आईला दे. मग फोनवर बोटाचे दोन ठोके यायचे. ठीक आहे, चलो. मी चलायचो. ढाब्यावर ताट समोर यायचं, पण काय खाल्लं हे विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून घास गिळवत नव्हता. तिचा आवाज मला हवा होता, बस. असं कित्येक महिने चाललं.

मग एका दुपारी परतीच्या रस्त्यावर, सिवनी मागं टाकून पुढं आलो होतो. फोन स्पीकरवर होता. पोरगी काही बोललीच नाही. एक ठोका आला. मी दुसऱ्याची वाट पाहिली. तो आला नाही.

 इंडिकेटर दिला, गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. "काय झालं? अवं, काय झालं?"

फोनमधून नुसती खरखर आली. मग कोणीतरी बोललं. आवाज घोगरा होता, फाटका होता, ओळखू येण्यासारखा नव्हता.

"थांबलात काय?"

"थांबलो."

"हँडब्रेक?"

मी हँडब्रेक ओढला. "लावला."

"जेवलात का?"

मला सांगायचं होतं, जेवलो, वांग्याची भाजी होती, दहीही घेतलं. तोंड उघडलं, पण काहीच निघेना. मागून पोरीचं रडणं ऐकू येत होतं.

"काहून बोलत नाही?" ती म्हणाली. "आता तुमचा गेला काय?"

मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि दारावर दोन ठोके दिले.