चाळीस नळांचं पाणी

म्हसावदच्या एका फोटो स्टुडिओत रंजिता पाटील अकरा वर्षं कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायची. मिटलेले डोळे उघडायचे, नवरीचा रंग उजळायचा, वारलेल्या माणसाच्या खांद्यावरचा परका हात पुसायचा. तिच्याइतकं सफाईनं ते पंचक्रोशीत कुणाला जमत नव्हतं, आणि हे तिला ठाऊक होतं.

गेल्या माघात मालक नवनीतभाऊंनी तिला चाळीस फोटो दिले. प्रत्येकात एक भिंत आणि एक कोरडा नळ. नळयोजनेचा ठेकेदार शेजारीच बसला होता.

"या नळेसले जरा पानी आनी दे," नवनीतभाऊ हसत म्हणाले.

"खरं पानी कधी येई?"

"येई ना पुढला महिनामा. फोटो आजच कचेरीमा धाडना शेतस."

एक पोपटी भिंत तिनं लगेच ओळखली. तिच्याच वस्तीतल्या बेबीबाईकाकूची. महिनाभरात पाणी येणारच आहे, असं म्हणून ती कामाला लागली. एका वाहत्या नळाच्या फोटोतली धार कापून तिनं सगळीकडे बसवली. एखादी बारीक केली, एखादी तिरपी. खालची माती ओली दिसावी म्हणून गडद केली. ते तर तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

चैत्रात वस्तीची विहीर आटली. दरवर्षीचा टँकर यंदा आला नाही. काकू तालुक्याला कचेरीत निघाली. अर्ज लिहायला रंजिताला सोबत घेतलं. साहेबांनी स्क्रीन वळवून फोटो दाखवला.

"भित तं मन्हीच शे," काकू म्हणाली, "पन हाई पानी कोठलं?"

"पाणी पोहोचलंय. आता टँकर कसा मिळेल?"

रंजिताला राहवलं नाही. "साहेब, ते पाणी मी बनवलंय. मूळ फोटो आणून दाखवते."

दुसऱ्या दिवशी तिनं पेन ड्राइव्हवर कोरडे नळ नेले. साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले.

"पाणी घालता येतं, तसं पुसताही येत असेल ना, बाई? यातला खरा कुठला, हे मी कसं ठरवू?"

"वस्तीत येऊन बघा."

"मग पाहणीचा अर्ज द्या."

तिनं दिला. संध्याकाळी नवनीतभाऊंनी तिच्याकडून स्टुडिओची किल्ली मागून घेतली.

वैशाखभर बायका मैलभरावरच्या मळ्यातून पाणी आणत राहिल्या. एकदा त्या मळ्यातल्या विहिरीवर काकूनं तिला विचारलं, "भित वळखी व्हती ना तू?"

रंजिता म्हणाली, "हा, काकू."

काकूनं मग तिच्या डोक्यावर हंडा चढवायला हात लावला नाही. दुसऱ्या कुणीही लावला नाही.

पाहणीला माणसं आली ती आषाढात. तोवर विहीर काठोकाठ भरली होती. नळ कुणी सोडून पाहिला नाही. 'पाणी उपलब्ध' असं लिहून त्यांनी कागद पुढे केला, आणि अर्जदार म्हणून त्यावर सही रंजिताला करावी लागली.