लाल चिठ्ठी, निळी चिठ्ठी
गोळ्यांची नवी बाटली उघडली की तोंडाशी कोंबलेल्या कापसाचा कडवट वास येतो आणि मला सोनाळ्याचं ते घर आठवतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, मी नवी नर्स होते आणि क्षयावरच्या नव्या औषधाची चाचणी घ्यायला आमचं पथक त्या गावात उतरलं होतं. काही बाटल्यांत औषध होतं, काहींत पिठाच्या गोळ्या. बाटलीवर लाल नाहीतर निळी चिठ्ठी असे; खरं औषध लालमध्ये की निळीमध्ये, हे आम्हालाही सांगितलं नव्हतं. त्या घरात दोन जावा खोकत होत्या. थोरलीला लाल बाटली मिळाली, धाकटीला निळी. दोन महिन्यांत थोरलीचा खोकला उतरला, धाकटीने मात्र अंथरूण धरलं. एका दुपारी मी गेले, तर अंगणातल्या निंबाखाली थोरली आपल्या वाट्याची गोळी धाकटीला भरवत होती. मी ओरडले तशी ती म्हणाली, "आमी एका ताटात जेवतो बाई, मंग औषध काऊन येगळं?" मी इमानेइतबारे ते कार्डावर लिहिलं. पथकाच्या डॉक्टरांनी चाचणीतून दोघींचीही नावं खोडली आणि बाटल्या परत आणायला मलाच पाठवलं. थोरली भांडली नाही. दोन्ही बाटल्या पदराने पुसून तिने माझ्या हातात ठेवल्या अन् विचारलं, "आमचं काई चुकलं का बाई?" उन्हाळ्यात धाकटी गेली, दिवाळीआधी थोरली. ते औषध पुढे दवाखान्यादवाखान्यांत फुकट मिळू लागलं. त्या दिवशी थोरलीच्या प्रश्नाला साधं 'नाही' म्हणायला माझी जीभ उचलली नव्हती. आता रोज सकाळी बीपीची गोळी घेताना म्हणते.